‘चुलवाण’ची कॉमेंटरी

“आता ती दारातून आत येतेय,” बापूसाहेब माइकमध्ये म्हणाले.

पडद्यावर ती दारातून आत आली.

“कळशी खाली ठेवतेय.”

तिनं कळशी खाली ठेवली. मग ती बोलायला लागली आणि बापूसाहेबांनी तोंड मिटलं. हाताची घडी घालून, मान जराशी कलती करून ते ऐकत बसले. पडद्यावरची सोना सासूशी भांडली, दिराशी भांडली, गुळाच्या ढेपा मोजून पुन्हा सासूशी भांडली. बापूसाहेब गप्प. काचेपलीकडून मुजावरनं माझ्याकडं बघत दोन्ही हात पसरले. सीन संपला, उसाचं शेत आलं.

“हा ऊस वडणग्याचा,” बापूसाहेब म्हणाले. “चांगला होता ऊस.”

मी खूण केली. मुजावरनं रेकॉर्डिंग थांबवलं.

“बापूसाहेब, ती बोलत असताना तुम्ही बोलायचं. सिनेमाचा आवाज आम्ही खाली घेणार आहोत.”

“कुणाचा आवाज खाली घेणार?”

“सिनेमाचा. तुमचा ऐकू यावा म्हणून.”

“माझा काय ऐकायचाय? माणूस बोलत असताना मधे तोंड घालू नये, हे आमच्या वडिलांनी थोबाडीत देऊन शिकवलंय. ती बोलतेय ना? तिचं ऐका की.”

“ज्यांना तिचं ऐकायचंय ते नुसता सिनेमा बघतील. हा ट्रॅक वेगळा आहे. ज्याला तुमचं ऐकायचंय, त्यानं हा लावायचा.”

“मग त्यानं घरी यावं. चहा पाजतो.”

मुजावर हसला. मला हसू आलं नाही. सकाळपासून निम्मा सिनेमा संपला होता आणि हाताशी काय होतं? दार, कळशी, ऊस आणि कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचं एकदा निखळलेलं चाक.

या फजितीला मीच जबाबदार होते, असं माझ्या संपादकांचं मत. पुण्याच्या दैनिकात मी तेव्हा रात्रपाळी सांभाळून सिनेमाच्या डिस्कवर सदर लिहायची. २००६ साल. जुने सिनेमे डीव्हीडीवर येत होते आणि पाठीवर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, ‘दिग्दर्शकाच्या कॉमेंटरीसह’. म्हणजे सिनेमा चालू असताना दिग्दर्शक शेजारी बसल्यासारखा बोलणार, पडद्यामागचं सांगणार. मी मोठ्या आशेनं लावायची. एक दिग्दर्शक सगळा वेळ प्रत्येकाला ‘फार गुणी माणूस’ म्हणत होते. दुसऱ्यांनी पाऊण तास जेवणाच्या कंत्राटदारावर काढला. तिसरे झोपले असावेत, कारण शेवटच्या रिळात कुणीतरी त्यांना “सर” म्हणून हाक मारलेली स्पष्ट ऐकू येते. मी हे सगळं जसंच्या तसं छापलं. तेव्हा एका डिस्क कंपनीच्या मालकांचा फोन आला. “लांबून टोमणे मारता, मग शेजारी बसून बोलतं करून दाखवा. आम्ही ‘चुलवाण’ काढतोय.”

मी त्याच फोनवर हो म्हणाले. ‘चुलवाण’ नसता तर म्हणाले नसते.

‘चुलवाण’ म्हणजे बापूसाहेब इंगवल्यांचा एकुलता एक गाजलेला सिनेमा. नवरा परागंदा झाल्यावर गुऱ्हाळ चालवणाऱ्या सोनाची गोष्ट. सोनाचं काम रेवती तेलंग यांनी केलं. त्यांना पुरस्कार मिळाला, आणि परीक्षकांनी त्यांच्या ‘अस्सल रांगड्या बोलीचा’ खास उल्लेख केला. रेवतीबाई दादरच्या. त्या सिनेमात त्यांचा एकही शब्द त्यांचा नव्हता. सगळी सोना माझी आई बोलली होती.

माझी आई वत्सला चौगुले. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. माहेर गारगोटीकडचं. बापूसाहेबांनी मुंबईचा ट्रंक कॉल लावायला सांगितला, लाइन मिळेना, ते आवाज चढवून बोलले, आणि आईनं खात्याचं गोडगोड मराठी बाजूला ठेवून माहेरच्या भाषेत त्यांना झाडलं. दुसऱ्या दिवशी ते एक्स्चेंजच्या फाटकाशी हजर. माफी मागायला नाही, आवाज मागायला. सिनेमाच्या पाट्यांत तिचं नाव कुठंच नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही. टीव्हीवर ‘चुलवाण’ लागला की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी गरजेपेक्षा जास्त जोरात लावायची.

बापूसाहेबांनी तिचं नाव एकदा माइकवर घ्यावं, एवढ्यासाठी मी कोल्हापुरात आले होते. सिनेमात नाही तर नाही, निदान डिस्कवर तरी. रेवतीबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बापूसाहेब ऐंशीला टेकले होते. पुन्हा कुणी त्यांच्यासमोर माइक धरेल, अशी चिन्हं नव्हती.

दुपारी मी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“सोनाच्या आवाजाबद्दल सांगा ना.”

“छान लागलाय.”

“कुणाचा?”

“सोनाचा.”

“म्हणजे बोलणारी व्यक्ती कोण?”

“सोना.” त्यांनी पडद्याकडं बोट केलं. “ही काय.”

“रेवतीबाई मुंबईच्या. ही बोली त्यांना कशी जमली?”

“सगळ्यांनी कष्ट घेतले,” बापूसाहेब म्हणाले. “फार गुणी माणसं होती.”

मी कागदावर पेन आपटलं. माइकमध्ये त्याचा आवाज गेला म्हणून मुजावर माझ्यावर वैतागला.

संध्याकाळी घरी गेले तर आई मेथी निवडत होती. मी समोर बसले. तिनं वर न बघता विचारलं, “काय म्हणाला?”

“ऊस चांगला होता म्हणाला. वडणग्याचा.”

“चिखलीचा. डबिंगच्या वेळी तोच सांगत होता, वडणग्याच्या पाटलानं ऐनवेळी नाही म्हटलं म्हणून. आणि?”

“ट्रॉलीचं चाक निखळलं.”

“आणि?”

“आणखी काही नाही.”

“बरं.” तिनं मेथीची जुडी उलटी केली. “मी विचारलं का काही? तूच सांगत बसलीस.”

“आई, मी उद्या सरळच विचारते.”

“अजिबात विचारायचं नाही. नाव काय भीक मागून घेतात होय? त्याला सांगायचं असंल तर त्याला तोंड आहे.” मग जरा थांबून, “घशाचं काही झालंय का त्याच्या? गप्प का बसतोय?”

“तू बोलत असताना तो बोलत नाही. मधे तोंड घालायचं नाही म्हणतो.”

“शहाणाच आहे,” आई म्हणाली. कौतुक की शिवी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मध्यंतरात मी बापूसाहेबांना स्टुडिओच्या मागच्या जिन्यात गाठलं. ते पायरीवर बसून बशीत चहा ओतत होते.

“बापूसाहेब, एक सांगायचं राहिलंय. माझं माहेरचं आडनाव…”

“चौगुले. वत्सलाबाईंची मुलगी तू. पहिल्यांदा पुण्याहून फोन केलास ना, ‘हॅलो’ म्हणालीस, तेव्हाच कळलं.”

मी खालच्या पायरीवर बसले. “मग काल दिवसभर माझी थट्टा चालली होती?”

“थट्टा?” त्यांनी बशी खाली ठेवली. “माझाच जीव टांगणीला लागलाय, पोरी. त्यांनीच पाठवलंय ना तुला?”

“कशाला पाठवतील?”

“बघायला. म्हातारा शब्द पाळतो का, का माइक बघून पाघळतो ते. तू आडून विचारतेस, तिरकं विचारतेस, मी आपला ‘सोना, सोना’ करतोय. पास झालो का नाही, सांग.”

मग त्यांनीच सगळं सांगितलं. आई सरकारी नोकरीत. परवानगीशिवाय बाहेरचं काम केलं तर नोकरीवर गदा. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, पगार एकटीचा. तेव्हा रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी माइकसमोर उभं राहण्याआधी तिनं बापूसाहेबांना जोतिबाची शपथ घातली. नाव कुठं छापायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पुरस्काराच्या वेळी वर्तमानपत्रवाल्यांनी आवाज खरा कुणाचा म्हणून त्यांना छेडछेड छेडलं. ते बोलले नाहीत. लोक म्हणाले, इंगवले रेवतीबाईंना भितात. म्हणू दिलं.

“अहो, पण आई रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली! आता कसली नोकरी आणि कसली गदा?”

“मला ठाऊक आहे. निरोप समारंभाचा फोटो आला होता पेपरात.”

“मग?”

“मग काय? शपथ घालणाऱ्यानं ‘सुटली’ म्हणायचं असतं. मी आपल्या मनानं सोडवून घेतली तर ती शपथ कसली? त्यांनी नुसतं म्हणावं, सुटली. आत्ता आत जाऊन बोलतो. घसा कोरडा पडेपर्यंत बोलतो.”

मी तिथूनच आईला फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं मला पुरं बोलू दिलं, हे जरा आश्चर्यच.

“आई, एक शब्द. ‘सुटली’ म्हण. ते इथं शेजारीच बसलेत.”

“मी का म्हणू?”

“तू शपथ घातलीस म्हणून!”

“घातली ती पोटासाठी. पोटाचा प्रश्न मिटला, शपथ मिटली. एवढं न कळायला तो काय कुक्कुलं बाळ आहे? सिनेमे काढतो ना? आता मी उठून म्हणू, सोडली हो शपथ, घ्या माझं नाव? गळ्यात पाटी बांधून फिरू?”

“अगं, ते तुझी वाट बघतायत इतकी वर्षं!”

“आणि मी कुणाची बघत होते?” आईनं फोन ठेवला.

बापूसाहेबांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. “नाही म्हणाल्या?”

“नाही म्हणाली असंही नाही. हो म्हणाली असंही नाही.”

“मग झालं तर.” ते उठले, बशी धुऊन कठड्यावर उपडी ठेवली.

दोघांनाही तेच हवं होतं आणि दोघंही आपापल्या जागी रुतून बसले होते. मधल्या मध्ये मी, हातात प्रश्नांचा कागद. रोज रात्री अंकात शेवटची बातमी बसवायची सवय असलेल्या माणसाला असली माणसं सोसत नाहीत. आत जाताना मी मुजावरला म्हणाले, “उरलेलं जसं येईल तसं घे. आज संपवून टाकू.”

“मॅडम, पुढच्या रिळात एक घोळ आहे, तेवढं त्यांना आधी सांगा. मी नाही सांगणार.”

“कसला घोळ?”

त्यानं सांगितलं तेव्हा बापूसाहेब खुर्चीत बसून कान-यंत्र चढवत होते. मी तोंड उघडेपर्यंत सिनेमा सुरू झाला होता.

गुऱ्हाळाचा सीन. सगळा सिनेमा ज्या जागेकडं येत असतो ती जागा. चुलवाणाच्या जाळावर उसाच्या रसानं भरलेली भलीमोठी काहील उकळतेय, गूळ करणारा गुळव्या निघून गेलाय, रस उतरवायला माणूस नाही आणि गावातले बापे कट्ट्यावर बसून तमाशा बघतायत. सोना काहीलीपाशी येते, पदर खोचते, वळून पाटलाकडं बघते, तोंड उघडते.

आवाज नाही.

तिचे ओठ हलत होते. वाफ वर जात होती. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

“आवाज वाढव रे,” बापूसाहेब म्हणाले.

मुजावर हलला नाही.

“मुजावर, आवाज!”

“आवाज नाहीच आहे, बापूसाहेब,” मी म्हणाले. “एकच प्रिंट मिळाली. तिच्या कडेला आवाजाची पट्टी असते, ती या जागी पार झिजलीय. दीड-दोन मिनिटं.”

“दुसरी प्रिंट?”

“नाही. निगेटिव्ह गोदामात सडलं. संवादाचा कागद असला तर खाली अक्षरं छापू, असं कंपनी म्हणतेय. तुमच्याकडं कागद आहे का?”

“कागद कुठला राहतोय.” त्यांनी कान-यंत्र काढलं, त्याच्याकडं बघितलं, परत घातलं. पडद्यावर रेवतीबाई बोलतच होत्या. मग त्या एकदम ऐकू यायला लागल्या, वाक्याच्या मधूनच.

“थांबव,” बापूसाहेब म्हणाले. “माघारी घे. पुन्हा लाव. आणि तुझं ते यंत्र चालू कर.”

मुजावरनं लावलं. सोना काहीलीपाशी आली, वळली, तिनं तोंड उघडलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच बापूसाहेब तिच्याबरोबर बोलायला लागले.

“इथं आवाज गेलाय. तेव्हा मला सांगावं लागतंय. या दिसतायत त्या रेवती तेलंग. यांचे ओठ हलतायत. बोलतायत त्या वत्सला चौगुले. पहिल्यापासून त्याच बोलतायत, सगळा सिनेमाभर. टेलिफोनच्या ऑपरेटर होत्या. दिवसपाळी संपवून यायच्या, उभ्यानं बोलायच्या, शिफारस नको, हार नको. इथं पाटील म्हणतोय, बाईच्या जातीनं काहीलीला हात लावला तर गूळ फसंल. आणि ही म्हणते…” त्यांनी डोळे मिटले. “‘पाटील, मला काहीलीपाशी उभं राहू द्या. एक काहील माझ्या हातची उतरून बघा.’ असं. पण त्या दिवशी वत्सलाबाईंनी…”

स्पीकर खरखरला. सोनाचा आवाज परत आला.

बापूसाहेबांनी तोंड मिटलं. हाताची घडी घातली, मान कलती केली आणि ऐकू लागले.

मी थांबवलं नाही. थांबवायचं भानच नव्हतं. दोन दिवस ज्याच्यासाठी काढले ते नाव दोनदा, त्यात एकदा पुऱ्या आडनावासकट, टेपवर होतं. पुढचं काय, ‘फार छान म्हटलं’ असंच काहीतरी असणार. काचेपलीकडं मुजावरनं अंगठा वर केला. सिनेमा संपला तेव्हा बापूसाहेब रुमालानं तोंड पुसत म्हणाले, “मोडली बघ शपथ. पण ती जागा तशी मुकी कशी ठेवायची?”

डिस्क आली मार्चमध्ये. माझ्याच एका सहकाऱ्यानं तिच्याबद्दल लिहिलं: ‘कॉमेंटरी निराशाजनक. दिग्दर्शक जवळपास काहीच बोलत नाहीत.’ मी त्याच्याशी भांडले नाही. मोजायला बसलं तर खरंच होतं ते.

मी डिस्क घेऊन कोल्हापूरला गेले. आईला खुर्चीत बसवलं, ती स्वयंपाकघराकडं उठू नये म्हणून स्वतः दाराशी उभी राहिले आणि नेमकी ती जागा लावली. बापूसाहेबांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. ‘हार नको’ला तिनं नुसतं हुंकारलं. मग ते वाक्य आलं, आणि तिनं माझ्या हातातला रिमोट ओढून घेऊन सिनेमा थांबवला.

“हे काय म्हणाला तो?”

“काय?”

“‘उभं राहू द्या’? मी म्हणाले, राहू द्या?”

“आई, त्यांनी तुझं नाव घेतलं…”

“खड्ड्यात गेलं नाव! माझ्या नावावर हे भिकार वाक्य खपवलं त्यानं. आता ज्याला त्याला वाटणार, वत्सला चौगुले गयावया करत होती पाटलापुढं.” ती उठली, चपला शोधायला लागली. “रिक्षा बघ.”

“कुठं जायचंय?”

“कुठं म्हणून काय विचारतेस? घर माहीत आहे ना तुला त्याचं?”

आम्ही पोचलो तेव्हा बापूसाहेब बनियनवर अंगणात उभे राहून पाइपनं झाडांना पाणी घालत होते. फाटक उघडून आत आलेल्या आईकडं त्यांनी बघितलं आणि पाइप तसाच हातात राहिला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसांचं काही नमस्कार-चमत्कार वगैरे असेल, असं मला वाटलं होतं.

“मी कधी म्हणाले, उभं राहू द्या?” आई म्हणाली.

“नाही म्हणालात,” बापूसाहेब म्हणाले.

“मग?”

“कागदावर तसं होतं. तुम्ही माइकसमोर कागद बाजूला ठेवलात आणि दुसरंच बोललात. मी म्हटलं, हेच राहू दे. सिनेमातलं सगळ्यांत चांगलं वाक्य आहे ते, आणि ते माझं नाही. तेच तर सांगत होतो त्या यंत्रात.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही बोलायला लागलात.”

“मी?”

“आवाज परत आला की हो तुमचा. तुम्ही बोलत असताना मी मधे कसा बोलणार?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. पाइपातलं पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

“आठवतं का तुम्हाला तरी?” बापूसाहेबांनी विचारलं. “आता ते कुठंच नाही. प्रिंटवर नाही, कागदावर तर नव्हतंच.”

“न आठवायला काय झालं?”

“म्हणा मग.”

टीव्हीवरचा तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. घरात आईनं तो एकदाही काढला नव्हता, आम्ही कितीही विनवलं तरी. तिनं खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली. हात मोकळे केले. आवाज चढवला नाही, उलट खाली घेतला.

“मी काहीलीपाशी हुभी हाय, पाटील. मला हलवायचं आसंल त्यानं म्होरं यावं.”

शेजारच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन बघायला लागली. बापूसाहेबांनी पाइप खाली टाकला, ओल्या हातांनी बनियन सारखं केलं आणि गडबडीनं म्हणाले, “अहो, या, आत या, उभ्या का…”

तोवर ती आत जाऊन बसली होती.